लाकूड कातण्याचे घरगुती यंत्र : सांगाड्याचे साहित्य आणि पुरवठादारांची निवड

पोळपाट-लाटणी, पाळण्याचे खांब, जिन्याच्या कठड्याचे गज, देव्हाऱ्याचे स्तंभ, भोवरे आणि लहान मुलांची खेळणी या कातीव वस्तूंना गावोगावी अद्याप मागणी आहे. त्या कातण्यासाठी लागणारे यंत्र फारसे गुंतागुंतीचे नसते. एक फिरता दांडा, तो पेलणारी दोन बेअरिंगे, मोटार व पट्टा, समोरून लाकूड दाबून धरणारा टेलस्टॉक, हत्यार टेकविण्याची पट्टी आणि हे सारे एका रेषेत धरून ठेवणारा सांगाडा एवढ्यात ते संपते. त्यामुळे तंत्रशाळांतील शिक्षक आणि सुतारकामाचा व्यवसाय करू पाहणारे तरुण पुष्कळदा तयार यंत्र विकत न घेता ते गावातच बांधवून घेतात. ही प्रवृत्ती स्वागतार्ह आहे. स्वतः बांधलेल्या यंत्राची दुरुस्ती गावातच होते आणि आपल्या कामाच्या मापाचे यंत्र हाती येते.

परंतु अशा यंत्रात जो दोष बहुधा आढळतो तो मोटारीचा किंवा बेअरिंगचा नसून सांगाड्याचा असतो. मोटार नामांकित घेतली जाते, बेअरिंगे पेटीतून नवी काढली जातात आणि सांगाडा मात्र खिडक्यांच्या जाळ्या करणाऱ्या दुकानात जे लोखंड हाती लागेल त्यातून उभा केला जातो. यंत्र सुरू केल्यावर ते थरथरू लागते, कातलेल्या पृष्ठभागावर लाटा उमटतात, पटाशी लाकडात अडकते आणि एखाद्या वेळी ओंडकाच जागचा सुटून कारागिराच्या अंगावर येतो. खर्च झालेला पैसा वाया जातो तो जातोच. शाळेच्या कार्यशाळेत तर प्रश्न विद्यार्थ्याच्या डोळ्यांचा आणि हातांचा असतो. यास्तव सांगाड्यासाठी कोणते साहित्य निवडावे, ते कोणाकडून घ्यावे आणि घेताना काय पाहावे, याचा विचार खरेदीपूर्वीच होणे अगत्याचे आहे.

बळकटी निराळी, दृढता निराळी

सांगाडा मोडणार नाही एवढी काळजी घेतली म्हणजे काम झाले, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः एवढ्या लहान यंत्राचा सांगाडा मोडण्याचा प्रसंग क्वचितच येतो. प्रश्न मोडण्याचा नसून लवण्याचा आहे. भार पडला असता वस्तू किती कमी लवते यावर तिची दृढता ठरते. आणि यंत्राला बळकटीपेक्षा दृढता अधिक लागते.

यंत्रावर भार किती येतो, हे एका साध्या उदाहरणाने ध्यानात येईल. पाच किलो वजनाचा ओबडधोबड ओंडका यंत्रावर चढविला आणि त्याच्या वजनाचा मध्य फिरण्याच्या अक्षापासून केवळ ५ मि.मी. बाजूला राहिला, असे समजा. मिनिटाला १,००० फेऱ्यांच्या गतीने तो फिरू लागला की सुमारे २८ किलो वजनाइतके बळ सांगाड्याला बाहेर ओढू लागते. हे बळ एका दिशेने राहत नाही. सेकंदाला जवळजवळ सतरा वेळा ते वर, खाली, पुढे, मागे असे फिरत राहते. गती दुप्पट करून २,००० फेऱ्या केल्या तर हे बळ दुप्पट न होता चौपट, म्हणजे सुमारे ११२ किलो होते. म्हणूनच ओबडधोबड लाकूड आधी कमी गतीवर गोल करून घ्यावे आणि मगच गती वाढवावी, असा कातारी लोकांचा शिरस्ता आहे. कमकुवत सांगाडा अशा वेळी झोपाळ्यासारखा वागतो. झोपाळ्याला योग्य क्षणी दिलेला हलका धक्काही झोका वाढवीत नेतो, तसेच हे.

आता एकाच वजनाचे लोखंड दोन प्रकारे वापरले तर काय होते ते पाहावे. दोन आधारांमध्ये १,२०० मि.मी. अंतर आहे आणि मध्यभागी ५० किलो भार ठेवला आहे. ५० × ५० × ६ मि.मी. मापाचे दोन अँगल शेजारी शेजारी ठेवले तर ते सुमारे ०.३५ मि.मी. लवतात. त्यांचे वजन दर मीटरला जोडीस ९ किलो. त्याऐवजी १०० × ५० मि.मी. मापाचा एकच चॅनेल उभा ठेवला, तर त्याचे वजन दर मीटरला सव्वानऊ ते साडेनऊ किलो, म्हणजे जवळजवळ तेवढेच. पण त्याचे लवणे ०.०५ मि.मी.च्याही आत राहते. लोखंड तेवढेच, किंमतही जवळपास तेवढीच, दृढता मात्र सातपट. आणि हाच चॅनेल पालथा घातला, म्हणजे त्याची १०० मि.मी.ची बाजू आडवी ठेवली, तर तो पुन्हा ०.३५ मि.मी. लवून अँगलांच्या पंक्तीला जाऊन बसतो. वासा उभा घालावा हे सुताराला सांगावे लागत नाही. लोखंडालाही तोच न्याय लागू आहे, पण लोखंड हाती आले की त्याचा विसर पडतो.

सांगाड्याला कोणते साहित्य?

बाजारात ज्याला एम.एस. म्हणतात ते सौम्य पोलाद हे गावातील यंत्रासाठी सर्वांत सोयीचे होय. ते सर्वत्र मिळते, कापता येते, जोडता येते आणि चुकले तर पुन्हा जोडता येते. बांधकामाच्या पोलादासाठी आय.एस. २०६२ हे भारतीय मानक आहे आणि अँगल, चॅनेल यांची मापे व वजने आय.एस. ८०८ या मानकात दिलेली आहेत. दुसरे मानक पदरी असेल तर व्यापाऱ्याशी वाद घालावा लागत नाही. वजनाचे आकडे समोर ठेवता येतात.

लाकूड कातण्याच्या यंत्राची बैठक बहुधा दोन समांतर रुळांची असते, कारण मधल्या फटीतून टेलस्टॉकचा आवळण्याचा बोल्ट सरकावा लागतो. १०० × ५० मि.मी. चॅनेलचे दीड-दीड मीटरचे दोन तुकडे पाठीला पाठ करून, मध्ये ४० मि.मी. फट ठेवून उभे बसविले तर उत्तम बैठक होते. चॅनेलची पूर्ण लांबी साधारणतः सहा मीटरची येते. तीतून दोन रूळ काढून उरलेल्या तीन मीटरांत दोन्ही टोकांच्या आडव्या जोडण्या भागतात.

चॅनेलचा एक दोष मात्र लक्षात ठेवला पाहिजे. तो एका बाजूने उघडा असल्याने लवण्याला चांगला विरोध करतो, पण पिळण्याला फारच थोडा. ओला पंचा पिळावा तसा तो पीळ घेतो. दोन चॅनेल समोरासमोर तोंडे करून कडेने सलग जोडले आणि त्यांची बंद पेटी केली, तर पिळण्याला होणारा विरोध कागदावरील हिशेबाने शंभरपटीहून अधिक वाढतो. म्हणून बंद आकाराच्या चौकोनी नळ्यांचा विचार अवश्य करावा. ७२ × ७२ मि.मी. मापाची, ४ मि.मी. जाडीची नळी दर मीटरला सुमारे सव्वाआठ किलो भरते. वर दिलेल्या उदाहरणात ती सुमारे ०.११ मि.मी. लवेल, म्हणजे उभ्या चॅनेलपेक्षा दुपटीहून थोडी अधिक. पण पिळाच्या बाबतीत ती चॅनेलला कोठल्या कोठे मागे टाकते. अशा नळीत कोरडी, चाळलेली वाळू ठासून भरली आणि दोन्ही तोंडे बंद केली तर वजन वाढते व थरथर लवकर विरते. वाळू ओली किंवा खाऱ्या किनाऱ्यावरची नसावी, अन्यथा नळी आतून गंजते आणि ते बाहेरून कोणाला कळत नाही.

बीड, म्हणजे ओतीव लोखंड, हे यंत्रांच्या सांगाड्याचे परंपरागत साहित्य होय. त्याची दृढता पोलादाच्या सुमारे निम्मी असली तरी त्याच्या अंतर्भागातील ग्राफाइटच्या पापुद्र्यांमुळे ते कंप स्वतःत जिरविते. बेळगाव आणि कोल्हापूर ही दोन्ही शहरे ओतकामासाठी प्रसिद्ध आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींच्या व्यवसायाने बेळगावातच आरंभ केला आणि लोखंडी नांगर व कडबा कापण्याची यंत्रे तेथे बनविल्यानंतर १९१० साली आपला कारखाना किर्लोस्करवाडीला नेला, हा इतिहास या भागातील वाचकांना परिचित आहे. तरीही एका यंत्रासाठी नवी बैठक ओतवून घेणे परवडत नाही. आधी लाकडी नमुना करावा लागतो, तोही थंड होताना बीड दर मीटरला सुमारे १० मि.मी. आकसते हे धरून मोठा करावा लागतो. ओतल्यानंतर त्यातील ताण निघून जाण्यासाठी बैठक भट्टीत तापवावी किंवा दीर्घकाळ मुरू द्यावी लागते. आणि मग तिचा पृष्ठभाग रंधा-यंत्रावर सपाट करावा लागतो. दहा-वीस शाळांनी मिळून एकाच नमुन्यावर बैठका ओतवून घेतल्या तर मात्र हिशेब पालटतो, आणि तसा विचार एखाद्या तालुक्याने करण्यास हरकत नाही.

एकट्या कारागिरासाठी बिडाचा खरा मार्ग भंगारबाजारातून जातो. मोडीत निघालेल्या जुन्या लेथची बैठक वर्षानुवर्षे मुरलेली असते. ती घेताना तडा नाही याची खात्री करावी. दोरीने किंचित उचलून हातोडीने हलके ठोकल्यास अखंड बिडाचा नाद स्पष्ट येतो, तडकलेल्याचा बद्द येतो. संशय आल्यास त्या जागी रॉकेल लावून ते पुसून टाकावे व वर खडूची पूड चोळावी. तडा असेल तर त्यात शिरलेले रॉकेल खडूवर ओली रेघ उमटवते.

लाकडाचा सांगाडा कमी दर्जाचा मानण्याचे कारण नाही. सागवानाची दृढता पोलादाच्या विसाव्या हिश्श्याइतकीच असली तरी त्याचे माप मोठे घेता येते. ७५ × १५० मि.मी. सागवानी वासा उभा ठेवल्यास त्याची दृढता वरील चॅनेलच्या निम्म्याहून थोडी अधिक भरते आणि वजन दर मीटरला सात-साडेसात किलोच राहते. शिवाय लाकूड कंप उत्तम जिरविते. अडचण आहे ती हवेची. गोमंतकात आणि कोकणपट्टीत पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हेडस्टॉक व टेलस्टॉक यांची टोके एका रेषेत राहत नाहीत. भोवरे, लाटणी, खेळणी यांसाठी हा दोष सोसण्यासारखा आहे. मोठे वाडगे किंवा खांब कातणाऱ्याने लोखंडच वापरावे.

अॅल्युमिनियमच्या खाचेदार पट्ट्या संगणकाने चालणाऱ्या लहान कोरीव यंत्रांसाठी अलीकडे पुष्कळ वापरल्या जातात. त्या नेमक्या मापाच्या, न जोडता केवळ बोल्टांनी बसणाऱ्या आणि हलक्या असतात. पण त्यांची दृढता पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी आणि किंमत अधिक. लाकूड कातण्याच्या यंत्रात हलकेपणा हा गुण नाही, त्यामुळे येथे त्यांचा उपयोग नाही.

काँक्रीटचा उल्लेख मात्र आवश्यक आहे. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांची निकड भासू लागली तेव्हा ल्यूसिअन यौमन्स या अमेरिकन अभियंत्याने काँक्रीटच्या बैठकीचे लेथ तयार केले होते. गावातील गवंड्याला हे काम परके नाही. गोव्यात व सिंधुदुर्गात चिऱ्याचा ओटा बांधणे स्वस्तात होते. त्यावर सळई घातलेल्या काँक्रीटचा १०० मि.मी. जाडीचा थर ओतून त्यातच बोल्ट रोवले आणि वर चॅनेलचे रूळ बसविले तर लोखंडी पायांचा खर्च वाचतो आणि यंत्र जागचे हलत नाही. बोल्ट थेट चिऱ्यात रोवू नयेत; चिरा मऊ असतो, कंपाने भोक मोठे होते. काँक्रीट किमान तीन-चार आठवडे मुरल्याखेरीज त्यावर यंत्र चढवू नये. यंत्र हलवता येणार नाही हे मात्र उघड आहे, तेव्हा भाड्याच्या जागेत हा उपाय करू नये.

कोणती वस्तू कोणाकडून?

सगळे साहित्य एकाच दुकानातून घेण्याचा मोह टाळावा. जड वस्तू जवळून आणि नेमक्या मापाच्या वस्तू खात्रीच्या ठिकाणाहून, हे सूत्र बहुतेक प्रसंगी उपयोगी पडते.

चॅनेल, अँगल, पट्ट्या जड असल्याने त्यांच्या किमतीत वाहतूक व हमाली यांचा वाटा मोठा असतो. साखळी किंवा डिचोलीच्या कारागिराने केवळ दर किलोमागे थोडा कमी पडतो म्हणून पन्नास-साठ किलो लोखंड चोर्ला घाटातून बेळगावहून आणविले, तर वाचलेला पैसा टेंपोच्या भाड्यात जातो. अँगल म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या व्यापाऱ्याकडून घ्यावा. मुख्य दांडा कातून घेणे, पुली, ओतीव चकती यांसाठी मात्र बेळगावच्या उद्यमबागेसारख्या औद्योगिक वसाहतीपर्यंत जाणे योग्य ठरते, कारण या वस्तू वजनाने हलक्या असून त्यांत महत्त्व कौशल्याचे असते.

लोखंड घेण्यास जाताना टेप, व्हर्निअर आणि कागद-पेन्सिल बरोबर असावी. वजन काढण्याची दोन सूत्रे पाठ करण्याजोगी आहेत. पट्टीची रुंदी व जाडी मिलिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकारास ०.००७८५ ने गुणले की दर मीटरचे वजन किलोत मिळते. गोल सळईचा व्यास मिलिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा व १६२ ने भागावे. उदाहरणार्थ, २५ मि.मी. व्यासाची सळई दर मीटरला सुमारे ३.८६ किलो भरेल.

ही सूत्रे कोठे उपयोगी पडतात ते पाहा. चौकोनी नळ्या पुष्कळ ठिकाणी वजनावर न विकता नगावर विकल्या जातात. ४ मि.मी. म्हणून सांगितलेली ७२ मि.मी.ची सहा मीटर नळी ४९ किलोंच्या आसपास भरली पाहिजे. ती ४० किलो भरली तर तिची जाडी ३.२ मि.मी.च आहे, मग दुकानदार काहीही म्हणो. याउलट वजनावर विकणाऱ्याला जाड माल गळ्यात मारण्याचा मोह होतो. दोन्ही प्रकारांत वजन आणि जाडी ही दोन्ही मापे घेतली की फसवणुकीला वाव राहत नाही. मापांत थोडी सूट मानकातच दिलेली असते; पण आठात एक किलोची तूट ही सूट नव्हे. भंगार वितळवून पुन्हा लाटलेला मालही बाजारात असतो. त्याच्या कडा असमान, पृष्ठभाग खवलेदार आणि कठीणपणा जागोजागी वेगळा असतो. भोक पाडताना ड्रिल मध्येच अडते किंवा घसरते. नामांकित कारखान्याच्या मालावर कारखान्याची खूण उठविलेली असते. आय.एस.आय. चिन्हाखालील परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल सुविधेवर पडताळून पाहता येतो. शाळेने किंवा सहकारी संस्थेने खरेदी करताना चाचणी प्रमाणपत्राची प्रत मागावी आणि त्यावरील क्रमांक मालावरील क्रमांकाशी जुळतो का ते पाहावे.

मुख्य दांड्यासाठी साधे सौम्य पोलाद चालेल, पण ज्यात सुमारे ०.४ टक्के कार्बन असतो ते ई.एन. ८ पोलाद अधिक टिकाऊ. दोन्ही दिसायला सारखीच. सहाणेच्या चाकावर टोक घासून ठिणग्या पाहिल्यास फरक ओळखता येतो: सौम्य पोलादाच्या ठिणग्या लांब व सरळ जातात, कार्बन वाढला की त्यांना फांद्या व फुलबाज्या फुटतात. जाणता विक्रेता ही परीक्षा करून दाखविण्यास नकार देत नाही. नकार मिळाला तर तेही उत्तरच समजावे.

बेअरिंगच्या बाबतीत काटकसर करू नये. बनावट बेअरिंगे हुबेहूब पेटीत येतात आणि काही आठवड्यांत घरघरू लागतात. अनेक उत्पादक आपल्या अधिकृत विक्रेत्यांची यादी प्रसिद्ध करतात. त्यांपैकीच एखाद्याकडून पक्क्या बिलावर खरेदी करावी. २५ मि.मी. दांड्यासाठी ६२०५ क्रमांकाचे बेअरिंग, किंवा घरासह हवे असल्यास यू.सी.पी. २०५, हे क्रमांक कोणत्याही दुकानात समजतात. कोणत्याही एका व्यापाऱ्यापाशी असलेल्या विचित्र मापाच्या बेअरिंगभोवती यंत्र बांधू नये. ते झिजल्यावर गावाला त्या व्यापाऱ्याचे दार धरून बसावे लागते. मोटार एक अश्वशक्तीची, १,४४० फेऱ्यांची, एकपदरी वीजपुरवठ्यावर चालणारी पुरेशी होते. जुनी घेतल्यास गुंडाळी पुन्हा भरलेली आहे काय हे विचारावे आणि अर्धा तास चालवून हात लावून पाहावी.

दरपत्रकाची भाषा

शासकीय व अनुदानित संस्थांत दरपत्रके मागविण्याची पद्धत आहे आणि सर्वांत कमी दराला मान्यता देण्याचा कल असतो. पद्धतीत दोष नाही. दोष मागणीच्या शब्दांत असतो. ‘लाकूड कातण्याचे यंत्र, मजबूत लोखंडी सांगाड्यासह, नग एक’ अशी मागणी केली की दोन पुरवठादारांचे दर तुलनेस योग्य राहतच नाहीत. एक जण ७५ किलोच्या सांगाड्याचा दर देतो, दुसरा ४० किलोच्या. आणि स्वस्त म्हणून दुसऱ्याला काम मिळते. त्यात त्याने कोणताही नियम मोडलेला नसतो. प्रामाणिकपणे जड सांगाडा देणारा पुरवठादार पुढील वेळी दरपत्रक भरीत नाही किंवा तोही हलका सांगाडा देऊ लागतो.

म्हणून मागणीतच बैठकीचे साहित्य, त्याचे माप व जाडी, पोलादाचे मानक, सांगाड्याचे किमान वजन आणि माल स्वीकारण्यापूर्वी वजन व जाडी मोजली जाईल ही अट स्पष्ट लिहावी. चॅनेल उभा बसवावयाचा की आडवा हेही लिहावे. दोन टोके एका रेषेत असणे, म्हणजे हेडस्टॉकचे टोक आणि टेलस्टॉकचे टोक एकमेकांना भेटविल्यास अर्ध्या मिलिमीटरपेक्षा अधिक फरक नसणे, ही अट कोणताही शिक्षक उपकरणांवाचून तपासू शकतो. आगाऊ रक्कम द्यावी लागलीच तर ती साहित्याच्या किमतीपुरती असावी आणि साहित्य कापण्यापूर्वी संस्थेच्या माणसाने ते पाहिलेले असावे. वाहतूक, कटाई, हमाली आणि कर हे दरात धरले आहेत की वेगळे, याचा खुलासा लेखी नसेल तर नंतर तक्रार करून उपयोग होत नाही.

वैयक्तिक कारागिराला एवढी कागदपत्रे जमणार नाहीत. परंतु पक्के बिल त्यानेही सोडू नये. बँकेच्या कर्जासाठी ते लागते. २०२३ साली सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार आणि पारंपरिक खेळणी बनविणारे कारागीर या दोघांचाही समावेश असून अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद तीत ठेवण्यात आली आहे.

पुरवठादार चांगला की वाईट हे पहिल्या भेटीत ठरविता येत नाही, तरी काही खुणा असतात. माल निवडून घेऊ देतो का, वजनकाट्यावर प्रमाणीकरणाची मोहोर आहे का, कापलेला तुकडा चुकीचा निघाल्यास बदलून देतो का, हे विचारावे. पूर्वी त्याच्याकडून यंत्र बांधवून घेतलेल्या एखाद्या कार्यशाळेत जाऊन ते चालू अवस्थेत पाहावे. पाण्याने काठोकाठ भरलेला पेला बैठकीवर ठेवून यंत्र सुरू केले तर पाण्यावर उठणारे तरंग पुष्कळ काही सांगून जातात.

जोडणी करताना

साहित्य उत्तम घेऊनही जोडणीत सांगाडा बिघडू शकतो. वेल्डिंगची रेघ थंड होताना आकसते आणि लोखंडाला आपल्या बाजूला खेचते. म्हणून आधी सर्व कोपऱ्यांवर केवळ ठिपके द्यावेत, गुण्याने काटकोन आणि कर्णांनी चौकोन तपासावा, आणि मग समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीने आखूड रेघा माराव्यात. पाय वेल्ड करावेत, पण रूळ बोल्टांनीच बसवावेत. म्हणजे सांगाडा थोडा वेडावाकडा झाला तरी पत्र्याच्या पातळ चकत्या घालून रूळ सरळ करता येतात. पीळ तपासण्यासाठी रुळांच्या दोन्ही टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवाव्यात आणि एका टोकाकडून डोळा लावून पाहावे. दोन्हींच्या वरच्या कडा समांतर दिसल्या पाहिजेत. सुतार फळी रंधताना हेच करतो.

पट्टा व पुल्या यांवर जाळी, मोटारीला मातीजोड, वीज जाऊन परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू होऊ न देणारा स्विच आणि कारागिराच्या डोळ्यांवर चष्मा या गोष्टी खर्चाच्या यादीत पहिल्यापासून धराव्यात. अखेरीस उरलेल्या पैशांतून त्या घ्यायच्या ठरविल्या की त्या राहून जातात.

रंगापूर्वी गंज तारेच्या ब्रशने काढून लाल ऑक्साइडचा हात द्यावा, आणि चॅनेलच्या आतल्या बाजूसही तो पोचेल असे पाहावे. रुळांचा वरचा पृष्ठभाग रंगवू नये, त्यावर तेलाचा हात फिरवावा. पहिल्या महिन्यानंतर सर्व बोल्ट पुन्हा आवळावेत. पहिला पावसाळा सरला की पट्ट्या ठेवून पीळ पुन्हा तपासावा. जमीन ओली होऊन एखादा पाय खचला असेल तर तो त्याच वेळी लक्षात येतो.